कुडाळपेक्षा सिंगापूर जवळ!

आमच्या घरात काही वाक्यं अशी आहेत, की ती पहिल्यांदा कुणी म्हटली ते आता कुणालाच आठवत नाही. ‘चहा झाला की निघूच’ हे एक. (त्यानंतर दीड तासाने आम्ही निघतो.) ‘आधी फ्रिजमधलं संपवा’ हे दुसरं. आणि २०१८ पासून त्यात तिसऱ्याची भर पडली - ‘कुडाळपेक्षा सिंगापूर जवळ!’

हे तिसरं मात्र कुणी म्हटलं ते मला पक्कं आठवतंय. कारण ते मीच म्हटलं होतं.

झालं असं, की ताईला सिंगापूरची ऑफर आली. ताई आयटीत, त्यामुळे हे कधीतरी होणारच होतं. बाबा खूश, शेजारी खूश, ताई तर सॉलिड खूश. फक्त आईचा चेहरा पडलेला. मी तेव्हा बीएमएमच्या दुसऱ्या वर्षाला होते, म्हणजे जगातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे आहे असं वाटण्याचं वय. मी म्हटलं, ‘आई, साधा हिशोब आहे. आपण डोंबिवलीहून कुडाळला जातो तेव्हा रात्री कोकणकन्येत बसतो आणि सकाळी उतरतो. नऊ-दहा तास धर. सिंगापूर किती? साडेपाच तास! म्हणजे कुडाळपेक्षा सिंगापूर जवळ.’

आई हसली. बाबांनी ते वाक्य उचललं आणि सोसायटीभर केलं. कुडाळला आजीला सांगितलं तेव्हा ती सुपारी कातरता कातरता म्हणाली, ‘आणि ह्यां सिंगापूर खंय इला गो?’ तिलाही मी तेच ऐकवलं. ताई गेली, वाक्य राहिलं.

आता माझ्या बाजूने एवढं सांगते, की हिशोब चुकीचा नव्हता. मुंबई आणि सिंगापूर या दोन विमानतळांमधलं सरळ अंतर आहे सुमारे ३,९०० किलोमीटर. मुंबईहून उडालेलं विमान दख्खन ओलांडतं, आंध्रच्या किनाऱ्याच्या आसपास जमीन सोडतं, मग बंगालचा उपसागर, निकोबारचा परिसर, मलाक्काची सामुद्रधुनी आणि मग चांगी. ताशी साडेआठशे-नऊशे किलोमीटरच्या वेगाने हे अंतर साडेचार तासांत संपायला हवं. मग टाइमटेबलमध्ये साडेपाच तास कुठून येतात?

त्याचं उत्तर मला ताईच्या पहिल्या ट्रिपनंतर कळलं. तिकिटावर छापलेला वेळ हा हवेतला वेळ नसतोच मुळी. तो असतो गेट ते गेट. म्हणजे इकडे विमान गेटपासून मागे ढकललं जातं तिथपासून तिकडे गेटला लागेपर्यंत. त्यात रनवेच्या रांगेत ताटकळणं आलं, वर चढणं आलं, उतरण्याआधी घिरट्या घालणं आलं, आणि ‘असू द्या हाताशी’ म्हणून घातलेली थोडी जादा मिनिटंही आली. म्हणून तर आपलं विमान वीस मिनिटं आधी पोचलं की पायलट अभिमानाने अनाऊन्समेंट करतो. ती वीस मिनिटं बरेचदा टाइमटेबलातच घातलेली असतात!

शिवाय वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावरून खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, ज्याला जेट स्ट्रीम म्हणतात. दिल्ली-टोकियो प्रवासात त्याचा इतका फरक पडतो, की जाताना आठ तासांच्या आतबाहेर लागतात आणि येताना नऊच्या वर. अंतर तेच, विमान तेच! मुंबई-सिंगापूर मार्ग बराच दक्षिणेला असल्याने आपल्याला एवढा फटका बसत नाही. उलट पावसाळ्यात दक्षिण भारताच्या वर, पुष्कळ उंचीवर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा वेगळाच जेट असतो. आपल्या हवामान खात्याच्या पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात त्याचा अभ्यास जगापुढे मांडला. म्हणजे पावसाळ्यात सिंगापूरहून घरी येणाऱ्याच्या पाठीशी वारा आणि जाणाऱ्याच्या तोंडावर. आईला हे भयंकर आवडलं होतं. ‘बघ, वाऱ्यालासुद्धा कळतं,’ म्हणाली.

आई निवृत्त शिक्षिका आहे. गणिताची. तिला खरी मजा आली ती घड्याळाची. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे. त्यामुळे रात्री साडेअकराला मुंबईहून निघालेलं विमान तिथल्या सकाळी साडेसातला उतरतं. घड्याळात बघाल तर आठ तास! आणि तिकडून सकाळी अकराला निघालेलं विमान इकडे दुपारी दोनला. घड्याळात फक्त तीन! बाबा दर वेळी गोंधळायचे. आई त्यांना शांतपणे समजवायची, ‘अहो, जाताना अडीच मिळवायचे, येताना अडीच वजा करायचे. म्हणजे दोन्हींत फरक किती? अडीच दुणे पाच. आठातून तीन गेले, पाच. आला की नाही ताळा?’ लहानपणी पाठ केलेली अडीचकी कधीतरी कामाला येते, असा तिचा फंडा आहे, आणि सिंगापूरमुळे ती सिद्ध झाली.

खरं म्हणजे सूर्याच्या हिशोबाने हा फरक दोन तासांच्या थोडासाच वर भरतो. उरलेली पंचवीसेक मिनिटं सिंगापूरने स्वतःहून घेतलेली आहेत. तिथली घड्याळं आधी ग्रीनिचच्या साडेसात तास पुढे होती. मलेशियाने आपली वेळ बदलली, तेव्हा शेजाऱ्याबरोबर राहायचं म्हणून सिंगापूरनेही १ जानेवारी १९८२ पासून ती आठ तास केली. त्यामुळे तिथे सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि ताई बिचारी वर्षभर अंधारात उठते.

तर असं सगळं छान चाललं होतं. ताई दिवाळीला यायची. जाताना खांडवी, कुळथाचं पीठ आणि आईने बजावून दिलेलं हिंगाष्टक न्यायची. मधली दोन वर्षं सोडली तर. २३ मार्च २०२० पासून भारतातली नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद झाली, ती पूर्ववत झाली २७ मार्च २०२२ ला. मधे खास विमानं होती, पण त्यांचे नियम, क्वारंटाइन, परत तिकडे घेतील की नाही याची धास्ती... ताई आली नाही. ते ३,९०० किलोमीटर तसूभरही वाढले नव्हते, पण ताई दोन वर्षं लांब होती. तेव्हाच खरं तर मला कळायला हवं होतं. पण ते संकट सगळ्या जगावरचं होतं, त्यामुळे आमच्या वाक्याला दोष द्यावा असं वाटलं नाही.

ते वाक्य उघडं पडलं गेल्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी रात्री.

अकरा वाजून दहा मिनिटांनी बाबा सोफ्यावर बसल्या बसल्या म्हणाले, ‘छातीत कसंतरीच होतंय.’ त्यानंतरचं सगळं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेलं असेल, त्यामुळे लांबण लावत नाही. रिक्षा मिळाली, हॉस्पिटल जवळ होतं, डॉक्टर जागेवर होते. एक रक्तवाहिनी जवळपास बंद. लगेच अँजिओप्लास्टी करायचं ठरलं. मी फॉर्मवर सही केली. माझी सही एवढ्या मोठ्या कामाला चालते, हे मला त्या दिवशी कळलं.

रिक्षातूनच मी दोन फोन केले. एक कुडाळला काकांना. दुसरा ताईला.

काकांनी पहिल्या रिंगला उचलला. ताईने नाही उचलला. तिथे रात्रीचे पावणेदोन वाजत होते आणि तिचा फोन सायलेंटवर होता. दुसऱ्या दिवशी ऑफिस असलेल्या कुठल्याही शहाण्या माणसाचा असतो तसा. मी सोळा वेळा लावला. शेवटी ती पाणी प्यायला उठली, स्क्रीनवर माझं नाव सोळा वेळा बघितलं आणि फोन करताना ‘हॅलो’ न म्हणता थेट म्हणाली, ‘कोण?’

काय झालं, असं नाही विचारलं तिने. कोण, असं विचारलं. परदेशात राहणाऱ्या माणसाला रात्री दोनला घरून फोन आला, तर तो हाच प्रश्न विचारतो.

मग सुरू झाला तिचा प्रवास. म्हणजे सुरू झाला नाहीच, कारण त्या वेळी विमानच नव्हतं. सकाळच्या पहिल्या फ्लाइटला सीट नव्हती. मिळाली ती त्यानंतरची, नेहमीच्या जवळपास तिप्पट भावाने. ती पहाटे चारला बॅग भरून, शूज घालून पलंगावर बसून राहिली. एअरपोर्टवर एवढ्या लवकर जाऊन काही उपयोग नव्हता आणि घरी बसवत नव्हतं. इकडे बाबांना दीडच्या सुमाराला बाहेर आणलं, स्टेंट बसला होता, डॉक्टर म्हणाले आता चोवीस तास लक्ष ठेवू. मी तिला कळवलं. ती म्हणाली, ‘बरं.’ आणि थोड्या वेळाने पुन्हा फोन करून म्हणाली, ‘परत एकदा सांग, काय म्हणाले ते.’

काका मध्यरात्री शेजाऱ्यांची गाडी घेऊन निघाले होते. मुंबई-गोवा हायवे कसा आहे ते मी सांगायला नको. खड्डे चुकवत, चहाला दोनदा थांबत ते सकाळी सव्वादहाला हॉस्पिटलच्या पायऱ्या चढत होते. हातात आजीने दिलेली पिशवी. त्यात पेजेचे तांदूळ.

ताईचं विमान सिंगापूरहून अकराला सुटलं. म्हणजे आपले साडेआठ. दुपारी दोनला सहारला उतरलं. मग इमिग्रेशन, मग टॅक्सी, मग तो मुंब्र्याकडचा ट्रॅफिक. ती आयसीयूच्या दाराशी आली तेव्हा सव्वाचार वाजले होते. भेटीची वेळ चार ते पाच.

काका तिला म्हणाले, ‘आलीस? बरा झाला. मीया सकाळीच पोचलंय.’ त्यांच्या मनात काहीही नव्हतं. पण ताईने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे, आणि दोघींनाही एकदमच ते वाक्य आठवलं.

कुडाळ सहा तासांनी जिंकलं होतं.

बाबा आता उत्तम आहेत, हे सांगून टाकते, नाहीतर तुम्ही पुढचं वाचणार नाही. सकाळी फिरायला जातात, तेल कमी केल्याबद्दल कुरकुरतात. त्या दिवशीसुद्धा ताईला बघून पहिलं वाक्य काय, तर ‘एवढं धावत कशाला आलीस? फुकट रजा गेली!’

पण मी आहे हिशोबी बाईची मुलगी. घरी आल्यावर एका कागदावर मांडलं. रात्री ११.१० ते दुसऱ्या दिवशी दुपारी ४.१५ - सतरा तास पाच मिनिटं. त्यातले विमानातले साडेपाच. विमान सुटण्याआधीचे नऊ तास वीस मिनिटं. विमान उतरल्यानंतरचे सव्वादोन तास. म्हणजे आपण ज्याला ‘सिंगापूरचं अंतर’ म्हणत होतो, तो त्या प्रवासाचा एक तृतीयांश भागसुद्धा नव्हता.

साडेपाच तास हे अंतर पर्यटकांचं असतं. त्यांचं तिकीट तीन महिने आधी काढलेलं असतं, कॅब बुक असते, त्यांना कुणी सोळा मिस्ड कॉल दिलेले नसतात. घरच्या माणसाचं अंतर फोन वाजतो तिथून सुरू होतं आणि दाराशी संपतं. मधे पुढचं विमान कधी, त्यात जागा आहे का, खात्यात तेवढे पैसे आहेत का, बॉस रात्री मेसेज बघतो का, हे सगळं येतं. यातलं काहीच नकाशावर नसतं.

मी हा कागद मोठ्या रुबाबात आईपुढे ठेवला. तिने चष्मा लावला, बेरीज तपासली (शिक्षिका!), बरोबर आहे म्हणाली. मग कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘आणि तिला काही झालं तर? मला पोचायला किती?’

मला उत्तर देता येईना.

कारण आईचा पासपोर्ट २०२३ मध्येच संपला होता. करू करू म्हणत राहून गेलेला. ताई भारतीय पासपोर्टवर कधीही, कुणालाही न विचारता घरी येऊ शकते. आईला मात्र आधी पासपोर्ट हवा. मग व्हिसा, तो अधिकृत एजंटकडून, फोटो आणि फॉर्मसकट, आणि त्याला काही कामाचे दिवस. मग पोचायच्या आधी तीन दिवसांत भरायचं ते तिथलं ऑनलाइन अरायव्हल कार्ड. सगळं सुरळीत झालं तरी दोन-तीन आठवडे. म्हणजे सिंगापूर ते डोंबिवली सतरा तास आणि डोंबिवली ते सिंगापूर वीस दिवस! एकाच रस्त्याची दोन टोकं, आणि अंतर इतकं वेगळं. गेली इतकी वर्षं आम्ही फक्त एकाच बाजूने मोजत होतो. म्हातारे आई-बाबा आजारी पडणार आणि तरणीताठी मुलगी धावत येणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. आईने मात्र ते धरलं नव्हतं. ती बहुतेक २०१८ पासून दुसऱ्या बाजूने मोजत होती. फक्त बोलली नव्हती, कारण सगळे त्या वाक्यावर हसत होते.

त्याच आठवड्यात आम्ही कामाला लागलो. तुमच्या घरातलं कुणी सिंगापूर, दुबई, टोकियो, कुठेही असेल, तर हे वाचून झाल्यावर अर्धा तास काढा. पहिलं म्हणजे घरातल्या प्रत्येकाच्या पासपोर्टची तारीख बघा. सहा महिन्यांहून कमी उरले असतील तर तो संपलाच असं समजा, कारण बरेच देश तेवढी मुदत मागतात. दुसरं, फोनमध्ये तीन-चार नंबर असे ठेवा, की सायलेंटवर असतानाही वाजतील. जवळपास प्रत्येक फोनमध्ये ती सोय आहे, आम्हाला ती मंगळवारनंतर सापडली. तिसरं, शेवटच्या क्षणाच्या एका तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा आणि त्यांना सेलमध्ये हात लावू नका. चौथं, तिकडच्या एका तरी मित्र-मैत्रिणीचा नंबर इकडे असू द्या. आपण पोचेपर्यंत कुणीतरी तिथे पोचायला हवं. बाबांच्या वेळी मी होते. ताईच्या बाजूला कोण आहे, हे आम्ही तिला तोवर कधी विचारलंच नव्हतं. आहे एक, तिच्या मजल्यावरची तमिळ बाई. आता आईचे आणि तिचे व्हॉट्सॲपवर रोज ‘गुड मॉर्निंग’ चालतात. अडीच तास मिळवून!

आईचा पासपोर्ट झाला. ठाण्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात ती अशी नटून आली होती, की जणू तिथूनच फ्लाइट आहे. पासपोर्ट घरी आला त्या दिवशी तिने तो देवाजवळ ठेवला, मग काढून कपाटात ठेवला, मग ताईला फोन करून सांगितलं, ‘आता मी सहा दिवसांवर आहे.’ व्हिसाचे आणि तिकिटाचे दिवस धरून. मी तपासलं, साधारण बरोबर आहे.

ताईने परत यावं का, असा विषयही निघाला. निघतोच. बाबांनी तो एका वाक्यात मिटवला, ‘मला बरं वाटतंय, तिने नोकरी का सोडायची?’ ताई काही बोलली नाही. ती तिकडेच आहे, खूश आहे, आणि तिला अपराधी वाटावं म्हणून मी हे लिहीत नाहीये. अंतर असणं हा काही गुन्हा नाही. पण ते किती आहे हे घरातल्यांनी एकमेकांना खरं सांगावं, एवढं मला पटलंय. खोटा आकडा दिला, की समोरचा माणूस त्याच्या भरवशावर राहतो, आणि नको त्या रात्री तो आकडा चुकतो.

मे महिन्यात आम्ही कुडाळला गेलो. रात्रीची गाडी, नेहमीप्रमाणे खिडकीवरून भांडण, सकाळी स्टेशनवर काका. बाबांना सुखरूप बघून आजीचे डोळे भरून आले आणि तिने ते लगेच पदराने पुसून फणस कापायला घेतला. ताई व्हिडिओ कॉलवर होती. कॉल संपल्यावर आजीने मला तेच विचारलं, जे तिने २०१८ मध्ये विचारलं होतं. ‘ह्यां सिंगापूर खंय इला गो?’

मी म्हटलं, ‘सतरा तास, आजी.’

तिने गरे काढता काढता थोडा वेळ विचार केला.

‘मगे लांब आसा म्हण,’ ती म्हणाली.

मी म्हटलं, ‘हो, आजी. लांब आहे.’